ओढ्यापलीकडची हरणं

आमच्या साहेबांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. सलग सहा वर्षं त्यांच्या हद्दीत एकही हरीण आजारानं दगावलं नव्हतं. कागदावर, अर्थात. यंदा उन्हाळ्यात हरणं पटापट मरायला लागली, तेव्हा साहेबांनी फार डोकं शिणवलं नाही. मेलेलं हरीण ओढ्यापलीकडे टाकायचं. तिथून शेजारची हद्द सुरू होते, मग मरण त्यांचं. ओढून न्यायला मी होतोच. वनरक्षक म्हणजे वनाचं रक्षण करणारा, असं माझ्या बायकोला अजून वाटतं.

गंमत म्हणजे पलीकडचा वनरक्षक माझा सख्खा साडू, आणि त्याचे साहेब आमच्या साहेबांचे जुळे शोभावेत असे. मी सकाळी दोन हरणं तिकडे टाकायचो, दुपारी साडू तीन इकडे आणून टाकायचा. एकदा भर पाण्यात आम्ही समोरासमोर आलो, तर म्हणतो कसा, आधी तुमचं जाऊ द्या, तुम्ही थोरले जावई. काही हरणं मेल्यावर जितकी फिरली तितकी जिवंतपणी फिरली नसतील. उरलेली त्याच ओढ्यावर पाणी प्यायला यायची. आजार आम्ही घरपोच करत होतो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मेलेल्याला हात लावू नका, जागच्या जागी जाळा. साहेब म्हणाले, जाळलं की धूर, आणि धूर झाला की चौकशी. हातमोजे मागितले, तर म्हणाले, हरणं मरतच नाहीत तर मोजे कशासाठी मागवू? मला तेही पटलं. अक्कल गहाण टाकली की सगळंच पटतं.

मग साडूच्या मनगटावर फोड आला, मधोमध काळा. दुखत नाही म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं. चौथ्या दिवशी तो तापानं फणफणला, हात कोपरापर्यंत सुजला. मेहुणीनं त्याला दवाखान्यात नेलं, मीही मागोमाग गेलो. डॉक्टरांनी विचारलं, मेलेल्या जनावराला हात लावला होता का? खाटेपाशी दोन्ही साहेब फळं घेऊन उभे होते. साडूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. मग काळपुळी नसेल, साधं गळू असेल, असं म्हणत डॉक्टर साध्या गोळ्या लिहायला लागले.

मेहुणी माझ्याकडे वळली. "भावोजी, तुम्ही तरी बोला."

माझी मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नोकरी डोळ्यांसमोर दिसत होती, साहेबही दिसत होते.

"एकोणीस हरणं," मी म्हणालो. "काही यानं ओढली, काही मी. काही दोघांनीही."

डॉक्टरांनी कागद फाडला, दुसरं औषध लिहिलं आणि माझेही हात उलटेपालटे करून पाहिले. दोन्ही साहेब फळं ठेवून निघून गेले.

साडू वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकत नाहीत.

पंधरवड्यानं मला नोटीस आली. हद्दीत एकही हरीण मेलेलं नसताना एकोणीस हा आकडा कुठून आणलात, याचा लेखी खुलासा करावा. साडूलाही शब्दन् शब्द तशीच आली. त्याला पेन धरता येत नाही, म्हणून त्याचाही खुलासा मीच लिहितोय.