सुलक्षणाची गाणी उघडत नाहीत

बहीण सुलक्षणा गेल्याचं चंद्रप्रकाशला कळलं तेव्हा तो मुलुंडच्या गोदामात टेम्पोवर खोकी चढवत होता. तिच्या घाटकोपरच्या छापखान्यातून फोन आला, "टाइप करता करता खुर्चीतच कलंडल्या." मग दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि महिन्याभराने श्यामकांतचा फोन आला.

श्यामकांत त्यांच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाचा चिटणीस. मंडळाच्या स्मरणिकेत सुलक्षणाने गोळा केलेली फुगडीची गाणी यायची होती. अंक शुक्रवारी छपाईला जाणार होता.

चंद्रप्रकाशने तिच्या घरच्या कंप्युटरवरची फाइल मेलला जोडून पाठवली. श्यामकांतकडे ती उघडेना.

"तिच्या छापखान्याच्या सॉफ्टवेअरमधली आसा ती. पीडीएफ करून धाड," श्यामकांत म्हणाला.

चंद्रप्रकाशने फाइलच्या नावामागचं शेपूट खोडलं, तिथे पीडीएफ लिहिलं आणि पाठवून दिली. फाइल उघडावी लागली नाही, तेवढंच बरं वाटलं.

गुरुवारी पुन्हा फोन. "मेल्या, काय धाडलंस ह्या? फाइल खराब म्हणून सांगता."

"पीडीएफ केली ना रे. नाव बदललं."

श्यामकांत हसत सुटला. "पाटी बदलून दुकान बदलता काय रे? पयला होता तसा नाव कर. मगे फाइल उघड, प्रिंट दे, थंय प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवड."

"उघडायलाच लागेल?"

श्यामकांतचं हसू थांबलं. "होय रे चंद्या," तो हळूच म्हणाला.

चंद्रप्रकाशने नाव पहिल्यासारखं केलं आणि फाइल उघडली. नऊ गाणी होती. प्रत्येकाखाली ते कुणी म्हटलं त्या बाईचं नाव. नवव्याच्या दोनच ओळी होत्या. खाली लिहिलं होतं, 'पुढचं जानकीकाकूला विचारणे.'

जानकीकाकू गावी असते. ऐंशीच्या पुढची, काळजाने नाजूक. सुलक्षणा गेल्याचं तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याने पीडीएफ केली, पाठवली. पाच मिनिटांत फोन वाजला.

"उघडली रे, झकास! पण नववा गाणा अर्ध्यारच रवला मां? उद्या दुपारपर्यंत थांबतंय. काकीक फोन लाव."

"बघतो," चंद्रप्रकाश म्हणाला.

शुक्रवारी दुपारी आठ गाणी छपाईला गेली. जानकीकाकूला फोन करायचा राहिला आहे.