कडेचे तीन मिलिमीटर

“रंग कागदाच्या कडेशीच थांबलाय, ब्रिएल. तो कडेच्या बाहेर जायला हवा,” डोरीन फोनवर म्हणाली.

“पण मी ब्लीडवर, त्या कडेबाहेरच्या जादा रंगावर, टिक केलंय हो! डाउनलोड करताना तो चौकोन येतो ना, तो.”

“टिक केलंस. त्या वेबसाइटनं कागदाभोवती तीन मिलिमीटर जागा सोडली, पण त्या जागेत भरायला रंगच नाहीये. कापताना पातं केसभर सरकलं, तर कडेला पांढरी रेघ दिसेल.”

“अरे देवा.” ब्रिएल तेवीस वर्षांची, नगरपालिकेत नवी. वणव्याच्या हंगामासाठी घरोघर पाठवायचं पत्रक तिनं एकटीनं, ऑनलाइन, तीन दिवसांत केलं होतं. “आता मला काही हलवता येत नाही. झोनचा नकाशा आख्खा चित्र म्हणून चिकटवलाय. तुम्हीच बघा ना. तुम्ही करता ना नेहमी?”

डोरीन कोवालचुक नेहमी करत असे. मार्टन क्रीक गावातल्या एकुलत्या एका छापखान्यात ती चौतीस वर्षं होती. पूर्वी ती छपाईच्या फिल्मवर काम करायची. आता लोक घरी बसून फुकटच्या वेबसाइटवर लग्नपत्रिका, मेनू, हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो सजवून पाठवत. पडद्यावर दिसतं तसंच कागदावर येणार, अशी प्रत्येकाला खात्री असे. ती खात्री खरी करून देणं हे डोरीनचं काम. एप्रनच्या खिशात स्टीलची मोजपट्टी कायम.

उपाय दोनच होते. पान थोडं लहान करून चहूबाजूंनी पांढरी चौकट सोडायची, किंवा पान दोन टक्के वाढवायचं आणि बाहेर जाईल ते कापू द्यायचं.

“चौकट नको,” मालक गॉर्ड मशीनपाशी उभा होता, तिथूनच ओरडला. “महापौरबाईंना कडेपर्यंत रंग हवाय. वाढव आणि मोकळी हो. दुपारी पोस्टात गेलं पाहिजे.”

“कडेला काय आहे ते बघू दे.”

“काय असणार? झाडं! या गावाच्या कडेला दुसरं आहे काय? तू ना डोरीन, स्वर्गाच्या दारात उभी राहिलीस तरी आधी दार मोजशील.”

तिनं पान वाढवलं. फोन नंबर तपासले, दोनदा. एकही अक्षर कापणीच्या रेषेजवळ येत नाही ना, ते पाहिलं. नकाशा मात्र चित्र होता, आणि चित्रात अक्षरं शोधण्याची सवय तिच्या डोळ्यांना नव्हती. प्रूफ पाठवल्यावर चार मिनिटांत ब्रिएलची मंजुरी आली. एक्केचाळीसशे प्रती छापल्या, कापल्या आणि पोस्टात गेल्या.

त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळपासून उजेड तपकिरी होता. दुकानाच्या काचेवर बारीक राख बसत होती. गॉर्डनं ती दोनदा पुसली आणि नंतर नाद सोडला. अकरा वाजता रेडिओवर सूचना आली. पूर्वेच्या डोंगरावर आग आहे. झोन सातमधल्या लोकांनी सामान बांधून निघायच्या तयारीत राहावं.

“सात म्हणजे कुठला?” गॉर्डनं विचारलं.

पत्रक भिंतीवरच होतं. डोरीननं खालच्या रंगांच्या यादीत सात शोधला. सात म्हणजे जांभळा. मग तिनं नकाशावर जांभळा शोधला. पिवळा होता, हिरवा होता, पूर्वेला ओढ्यापर्यंत नारिंगी होता. नारिंगी म्हणजे चार. नारिंगी संपला तिथं कागद संपला होता.

तिनं मूळ फाइल उघडली. ओढ्यापलीकडे, पानाच्या अगदी कडेला, जांभळी रेघ होती. त्यात मुंगीएवढ्या अक्षरांत: केस्ट्रल लेन. तिनं पडद्यावर मोजलं. या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चाळीस मीटर. तीन मिलिमीटर म्हणजे एकशेवीस. आख्खी गल्ली तेवढ्यात बसत होती.

तिनं नगरपालिकेला फोन लावला.

“ऑनलाइन नकाशा बरोबर आहे,” ब्रिएलचा आवाज उंच आणि पातळ झाला होता. “आणि सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जातोच.”

“ओढ्यापलीकडे मोबाइल लागत नाही, बाळा.”

पलीकडे कुणीतरी ब्रिएलला हाक मारली. “मी... मी साहेबांना सांगते,” ती म्हणाली. फोन बंद झाला.

“मंजुरी त्यांची आहे,” गॉर्ड हळू आवाजात म्हणाला. “आपल्याकडे लेखी आहे. आपल्यावर काही येत नाही.”

“वाढवलं मी.”

“मी सांगितलं म्हणून.”

“हात माझा होता, गॉर्ड.”

कटिंग मशीनमागे रद्दीची पोती होती. तिसऱ्या पोत्यात तिला ती कात्रणं सापडली: बोटभर रुंद, लांबलचक, बहुतेक कोरी आणि एका बाजूनं जांभळी. प्रत्येकावर आख्खी केस्ट्रल लेन. मूठभर कात्रणं आणि चिकटपट्टी घेऊन ती गाडीत बसली.

पुलापलीकडे धूर झाडांच्या शेंड्यांवर टेकला होता. पहिल्या घराच्या पायरीवर ऑर्व्हिल पेटरसन बूट पुसत बसला होता. कुत्रा त्याच्या पायांत शिरून थरथरत होता.

“छापखान्यातली बाई! आता घरपोच सेवा का?”

“सामान बांधलंत, मिस्टर पेटरसन? तुमच्या झोनला सूचना आलीय.”

“आमच्या नाही. सातला आलीय.” त्यानं आतून पत्रक आणलं. फ्रिजवर लावलेलं, त्यामुळे वर चुंबकाचा गोल डाग. “हे बघ. आम्ही नकाशात नाहीच. मी शेजाऱ्यांना म्हटलं, नकाशात नाही म्हणजे आग आपल्यापर्यंत येत नाही. हिशेब केलाच असेल की त्यांनी.”

“हिशेब नाही केला. कापलं गेलं.” तिनं कात्रण पत्रकाच्या उजव्या कडेला धरलं. ओढ्याची निळी रेघ जुळली. “तुम्ही सात आहात.”

ऑर्व्हिलनं कात्रणावर बोट ठेवून गल्लीचं नाव वाचलं.

“कुठल्या गाढवानं कापलं?”

“मी.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे. “बाकी घरं मी आणि तू अर्धी अर्धी करू,” म्हणत तो उठला. “शेवटच्या घरात इल्सा असते. तिला नीट ऐकू येत नाही. पोराकडं गेली असंल बहुतेक. दार जोरात वाजव.”

पाचव्या घरापाशी गाडीच्या रेडिओवर आदेश आला: झोन सात, ताबडतोब निघा. आवाज अगदी शांत होता. माणसं धावत बाहेर येत होती. कुणी मांजर पिशवीत कोंबत होतं, कुणी नुसतंच अंगणात उभं होतं. डोरीन प्रत्येकाला एकच वाक्य सांगत गेली: “तुम्ही सात आहात, निघा.”

इल्साच्या घराला गॅरेज होतं आणि गॅरेजला खिडकी नव्हती, त्यामुळे गाडी आहे की नाही ते कळेना. दोरीवर चादरी वाळत होत्या, राखेनं करड्या झालेल्या. डोरीननं दार हातानं वाजवलं, मग मोजपट्टीनं वाजवलं, खिडक्यांच्या काचा वाजवल्या. मागचं दार बंद. पडदे बंद. आत कुठेतरी काहीतरी घूं घूं वाजत होतं, फ्रिज असेल. कात्रण दारावर चिकटवून ती निघाली. डोंगरावर आता धुराखाली लाल रंग दिसत होता.

पूल ओलांडून गावाच्या बाजूला तिनं गाडी थांबवली आणि गल्लीतल्या अकरा घरांच्या गाड्या मोजायला लागली. आठ गाड्या गेल्या. नववी गेली. दहावी ऑर्व्हिलची, त्यानं काच खाली केली.

“इल्साच्या फाटकाशी पाच मिनिटं हॉर्न दाबून धरला. कुणी नाही आलं. मला धूर सोसंना.”

कुत्रा मागच्या सीटवरून तिच्याकडे पाहत राहिला. गाडी गावाकडे निघून गेली.

एक तरुण पोलीस लाकडी अडसर ओढत आला. “बाई, गाडी काढा. पूल बंद करतोय. चौथा झोन रिकामा झालाय.”

“एक घर राहिलंय. ओढ्यापलीकडे, केस्ट्रल लेनला, शेवटचं. म्हातारी बाई आहे, ऐकू येत नाही.”

“पलीकडं घरं आहेत?” त्यानं खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं आणि तिच्या गाडीच्या बॉनेटवर पसरलं. त्याचं बोट नारिंगी रंगावरून पूर्वेकडे सरकत कडेशी आलं आणि थांबलं. “कुठं?”

डोरीननं खिशातलं शेवटचं कात्रण काढलं आणि त्याच्या बोटापुढे कडेला लावलं. ओढा जुळला. जांभळ्या रेघेच्या वरच्या टोकाला तिनं नख टेकवलं.

“इथं.”

त्यानं एकदा वाकून पाहिलं, मग खांद्यावरचा वायरलेस तोंडाशी धरला.

वारा सुटला होता. कात्रण उडू नये म्हणून डोरीननं त्यावर मोजपट्टी आडवी ठेवली, आणि तो बोलत होता तोवर दोन्ही हातांनी दाबून धरली.