आठवडाभर शिळं भविष्य

"चार नंबरचा घोडा जिंकणार!" तुन मात्यासने डोळे मिटूनच जाहीर केलं. ग्वाम बेटावरच्या इनारहान गावच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलेल्या माणसांनी हात जोडले.

"मी नाही रे सांगत, समुद्र सांगतो. मी नुसता कान देतो," म्हातारा म्हणाला. हा समुद्र टीव्हीचा फार शौकीन असावा. मालिकेतला डॉक्टर कधी मरणार, कोणती सुंदरी मुकुट घालणार, सगळं त्याला आधीच ठाऊक. वादळाने निम्म्या ग्वामची छपरं उडवली, तेव्हा मात्र त्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

रेमेडिओस मागे भिंतीला टेकून उभी होती. ती बेटावरच्या एकमेव टीव्ही स्टेशनात कामाला होती. पुढच्या रांगेत तिची आई, तान किना, बसली होती (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने तुन म्हणत, बाईला तान). तिचा धाकटा मुलगा बिसेन्ते व्हिएतनामच्या लढाईत पडल्याची तार येऊन पाच महिने झाले होते. देह मिळाला नव्हता. त्यात मात्यासने सांगून ठेवलं, "तुझा लेक जिवंत आहे. बातम्यांत दिसेल." तेव्हापासून आई रोज संध्याकाळी टीव्हीला डोळे लावून बसे. मृतासाठी नऊ दिवस करायची प्रार्थनाही तिने होऊ दिली नाही. "जित्या पोरासाठी मयताची प्रार्थना करू होय?" असं म्हणून तिने पाद्रीबाबांनाही परत पाठवलं होतं.

शर्यत सुटली. चार नंबर शेवटून दुसरा आला आणि सात नंबर जिंकला.

"तुन मात्यास, समुद्राने आज थाप मारली वाटतं!" कोणीतरी ओरडलं.

"इथे कोणीतरी अश्रद्ध बसलंय. म्हणून दृष्टी झाकोळली."

"ती मीच," रेमेडिओस पुढे आली. "पण दृष्टी झाकोळली ती बुधवारी, जेवताना. आपलं स्टेशन अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीचे कार्यक्रम दाखवतं. ते काही आभाळातून येत नाहीत. फिती विमानाने येतात, आठवडाभर उशिरा. ही शर्यत गेल्या शनिवारीच संपली. त्या घोड्याने एव्हाना आठवडाभराचा चारासुद्धा खाल्लाय!"

लोक हसले.

"फीत धड आहे का ते बघायला मी ती आधी लावते. जेवताना बडबड करते. आमचा ड्रायव्हर प्रुडेन्सियो ऐकतो आणि आपल्या मेव्हण्याला सांगतो. मेव्हणा कोण, तर हे तुन मात्यास. गेल्या महिन्यात मला संशय आला. म्हणून या खेपेला मुद्दाम चार नंबर सांगितला."

हॉलमध्ये हशा उसळला. मात्यास टोपी उचलून मागच्या दाराने निघाला. नैवेद्यासारखं पुढे मांडलेलं लाल भाताचं ताट मात्र तो विसरला नाही.

आई हसली नाही.

"बातम्याही फितीवरच येतात?"

"हो, आई."

"त्याही तू आधी बघतेस?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे मी इथे डोळे फाडून बसायचे, तेव्हा तुला माहीत असायचं. आजही तो नाही म्हणून."

रेमेडिओस आईजवळ खाली बसली. "तू त्या आशेवर दोन घास खायचीस गं..."

"मात्यासने मला एकदा फसवलं," आई म्हणाली. "तू रोज फसवलंस."

बाबांनो, लबाड माणूस एकटा काही करू शकत नाही. खरं ठाऊक असलेला माणूस मायेपोटी गप्प बसतो, तेव्हाच लबाडाचं फावतं. म्हणून माहीत नसेल ते विचारा, तपासा आणि माहीत असेल ते वेळेवर बोला. समोरच्याचं काळीज फाटणार असलं, तरी बोला. या आईचे पाच महिने रडायचेच राहून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तान किना स्टेशनात आली. बातम्यांनंतर बेटावरच्या मयतांची नावं वाचली जात, त्यांत तिला एक नाव द्यायचं होतं. रेमेडिओसने कागद घेतला.

"आधी मला वाचून दाखव," आई म्हणाली. "या वेळी मला आधी कळू दे."

"बिसेन्ते नापुती," रेमेडिओसने वाचलं. "वय एकवीस. इनारहान. वारला."

आई खुर्चीत बसली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.