खोगिराची खोली

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर जीभ झडो माझी.

आमच्या साउथ टिरोलच्या डोंगरात शेत वाटत नाहीत. अख्खं एकाला मिळतं, बाकीची भावंडं त्याच्याकडे फुकट राबतात. शेत कासियानला गेलं आणि त्याच्या बहिणीला, बुर्गाला, गोठ्यावरचा माळा. तीस वर्षं. तिच्या उशीला असा वास, की माश्यासुद्धा नाक धरून जायच्या. घरात चुलीला लागून उबदार खोली होती. तिथे कासियानचं खोगीर राहायचं. घोडा मरून नऊ वर्षं झाली होती.

जेवायला घरचे, गडी, पोरं, सगळ्यांत एकच कढई. मालकानं चमचा खाली ठेवला, की सगळ्यांचं जेवण संपलं. कासियान असा गिळायचा, की कढईला धाप लागायची. मिशीतून लोणी गळायचं, किळस यायची बघून. बुर्गा गुरांचं उरकून येईपर्यंत दोन घास उरायचे.

एकोणीसशे साठ साली, हिवाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी जेवताना रेडिओवर बातमी आली. आम्ही जर्मन बोलणारी माणसं, राज्य इटलीचं. करारात कबूल केलेल्या आमच्या स्वायत्ततेबद्दल बसून बोला, असं संयुक्त राष्ट्रांनी रोमला सांगितलं होतं.

"कळलं जगाला," कासियान म्हणाला. "आपल्याच घरात माणसानं परक्यासारखं राहायचं, हा कुठला न्याय?"

बुर्गा खोकली. "दादा, ती खोली दे मला. यंदाचा हिवाळा माळ्यावर निघायचा नाही."

"आणि खोगीर? थंडीनं तडकेल ते."

"रोमला सांगितलंय ना, तसं माझ्याशीपण बसून बोल."

"दोन वेळा गिळतेस ते कमी पडतं का?" त्यानं चमचा आपटला.

सगळ्यांचे चमचे खाली. बुर्गा खातच राहिली.

"चमचा ठेव, बुर्गे."

"तुझं पोट भरलं, दादा. माझं नाही."

मग एकेकानं चमचा उचलला. आधी गड्यांनी, मग पोरांनी. कढई चाटूनपुसून साफ झाली. बुर्गा उठली, खोगीर उकिरड्यावर टाकलं आणि त्या खोलीत अंथरूण घातलं. मरेपर्यंत तिथेच झोपली.

बरं, एक गोष्ट माझ्या पदरची आहे. चमचा कुणीच उचलला नव्हता. ती एकटीच खात होती. मी कासियानची धाकटी, आत्याच्या समोरच बसले होते. भूकही होती मला.