नाही म्हणायची प्रॅक्टिस

बारा वर्षं मी ठाण्यातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात उभी होते. उभी म्हणजे अक्षरशः उभी. आमच्या मजल्यावर सेल्सगर्लसाठी स्टूल नव्हतं, कारण आम्ही बसलेल्या दिसलो की म्हणे दुकान झोपल्यासारखं वाटतं. गिऱ्हाइकांच्या नवऱ्यांसाठी मात्र सोफा होता. ते त्यावर खुशाल घोरायचे.

दुसरा नियम याच्या वरताण. ‘नाही’ हा शब्द काढायचा नाही. साइज संपलाय? संपलाय म्हणायचं नाही, “मागवून देते, मॅम” म्हणायचं. दोनदा घालून घामट केलेला कुर्ता बदलून मागतायत? “चेक करते, मॅम.” आणि हे सगळं हसून. आमच्या मॅनेजर दीप्ती मॅडम लांबून स्वतःच्या गालाला बोट लावायच्या, म्हणजे समजायचं की आपलं हसू उतरलंय. संध्याकाळी पाय चपलेत मावायचे नाहीत, आणि गाल पायांपेक्षा जास्त दुखायचे.

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये एका बाईने ढीगभर ड्रेस घालून बघितले, एकही घेतला नाही आणि जाताना मला म्हणाली, “तुम्हाला ना, कामात इंटरेस्टच नाही.” मी हसून “थँक यू, मॅम” म्हटलं. म्हटलं आणि माझी मलाच किळस आली. त्याच आठवड्यात राजीनामा दिला. मग लायसन्स, बॅज, परमिट यांच्यासाठी खेटे घालून रिक्षा काढली.

रिक्षाच का? एक तर रिक्षावाला बसून काम करतो. आणि दुसरं, रिक्षावाला नाही म्हणतो. काय नाही म्हणतो, अहो! तोंडसुद्धा उघडत नाही. मान नुसती इकडून तिकडे, तीही अर्धीच, की समोरचा गप पुढच्या रिक्षाकडे. इतकी वर्षं मी अशा माना बघून चरफडले होते. आता मला ती मान स्वतःला हवी होती.

“एसीतली नोकरी टाकून धुरात बसलीस,” बाबा रोज ऐकवतात. “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची हौस.” त्यांचं अख्खं आयुष्य आमच्या गावातल्या, मोहन्याच्या रेयॉन कंपनीत गेलं आणि कंपनीच बंद पडली. तरी नोकरी म्हणजे देव, हे काही त्यांच्या डोक्यातून जात नाही.

पण ते मेलं ‘नाही’ माझ्या तोंडातून निघेल तर ना! आमचा स्टँड स्टेशनबाहेर आहे. शेअर रिक्षा, मोहन्याच्या नाक्यापर्यंत तीन सीट. ज्याचा नंबर पहिला, त्यानेच पॅसेंजर भरायचे. मागच्याने मधूनच कुणाला उचललं की लाइन तुटली, आणि लाइन तुटली की भांडण. मी पहिल्याच आठवड्यात पोतं घेतलेल्या एका म्हातारीला मागूनच उचललं. वर “बसा, मॅम” म्हणाले. अख्खा स्टँड हसला. नंतर एका आजारी माणसाला उचललं, तेव्हा कोणी हसलं नाही.

लाइन बघणाऱ्या गुणाजीकाकांनी मला बाजूला घेतलं. माणूस मायेचा, पण स्टँडवरचा शब्द त्यांचा.

“पोरी, परत लाइन तोडलीस ना, तर इथे तुझी रिक्षा लागायची नाय. नाय बोलायला शिक. मान हलव नुसती. पैसे पडतात काय त्याला?”

दुसरा स्टँड मला कोण देणार होतं? सगळीकडे हीच बोंब. मग मी रिक्षाच्या आरशात बघून मान हलवायची प्रॅक्टिस सुरू केली. तिकडे दीप्ती मॅडमचे फोन चालूच होते. “मृणाल, महिनाअखेरपर्यंत तुझी जागा भरत नाहीये हं मी. आपण फॅमिली आहोत.” आणि मी, रिक्षात बसलेली, बॅजवाली बाई, काय म्हणत होते? “कळवते, मॅम.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ.

काल दुपारी माझी रिक्षा लाइनीत तिसरी होती. एक पोरगी आली. काळी पँट, गळ्यात कार्डाची पट्टी, एक सँडल हातात. पहिल्याला विचारलं, त्याने मान हलवली. दुसऱ्याने हलवली. मग माझ्याकडे आली.

“ताई, टेकडीवरच्या चाळीपर्यंत सोडाल?”

टेकडी शेअरच्या रूटबाहेर, तिथे कोणी जात नाही. आणि माझी मान हलली. इकडून तिकडे, अर्धीच. एकदम पक्क्या रिक्षावाल्यासारखी.

“आत्ता कसं!” मागून गुणाजीकाका ओरडले. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

ती पोरगी हसली. “ओके ताई, थँक यू.”

ते हसू मी ओळखते. माझ्याच गालांवर बारा वर्षं होतं ते. मी तिच्या पायांकडे बघितलं. सुजून टम्म झालेले, पट्ट्यांचे वळ उठलेले. ती जाऊन विजेच्या खांबाला टेकून उभी राहिली. शेजारी कट्टा रिकामा होता, पण ती बसली नाही. सवयच नसते.

माझं डोकं फिरलं. एवढी धडपड करून कमावलेलं पहिलं ‘नाही’, ते मी हिच्यावर खर्च केलं? मी रिक्षा चालू केली, लाइनीतून बाहेर काढली आणि तिच्यासमोर उभी केली. ती बसतेय तोवर गुणाजीकाका पुढे आडवे आले.

“मृणाल! आत्ताच तर नाय बोललीस!”

“चुकीच्या माणसाला बोलले, काका.”

“मागे घे रिक्षा.”

“नाही.”

“उद्यापासून नंबर मिळायचा नाय तुला. सांगून ठेवतो.”

“नका देऊ.”

मग काका बाजूला झाले.

नाक्याच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेवढ्यात फोन वाजला. दीप्ती मॅडम. “मग, काय ठरलं? उद्या शेवटची तारीख आहे.”

स्टँड गेला होता. घरी बाबा होते आणि त्यांची पळत्याची म्हण होती.

“नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे? कळवतेस ना?”

“नाही. मी येणार नाही.” पुढे मॅम लावलं नाही. फोन ठेवला.

आरशात ती पोरगी दिसली. सीटच्या अगदी कडेला, ताठ, सँडल मांडीवर धरून.

“ताई, मला बोललात का? उतरू?”

“नाही गं, तुला नाही,” मी म्हटलं. “तू बस. मागे टेकून बस.”