समोरच्याला मत

आमचा दादा कुठल्या मातीचा बनलाय देव जाणे. निवडणुकीत त्याला आणि समोरच्या उमेदवाराला सारखीच मतं पडली, पुन्हा मोजली तरी सारखीच, आणि हा माणूस घरी येऊन हातपाय धुऊन पेपर वाचत बसला! दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात चिठ्ठी काढून निकाल लागणार होता. माझ्या दुकानाचं काय व्हायचं ते एका कागदाच्या घडीवर ठरणार, आणि हा शब्दकोडं सोडवतोय.

माझं शिवणकामाचं दुकान जुन्या मंडईत आहे, कोपऱ्यातला गाळा. नवरा गेल्यापासून घर त्या मशीनवर चाललंय, दोन्ही मुलींची शिक्षणं त्याच मशीनवर झाली. आता मंडई पाडायची की दुरुस्त करायची यावरून नगरपालिकेत भांडण. अर्धे सभासद पाडा म्हणणारे, अर्धे राखा म्हणणारे. आमच्या वॉर्डात जो निवडून येईल त्याच्या हाताने मंडई राहणार किंवा जाणार. पाडा म्हणणारा उमेदवार म्हणजे पाइपशेठ. पाइप आणि पंपांचं मोठं दुकान आहे त्याचं. तीन मजली इमारत बांधू म्हणतो. आणि आम्ही गाळेवाल्यांनी तोवर कुठे जायचं? तर म्हणे, "नंतर बघू." राखा म्हणणारा आमचा दादा.

दादा टपाल खात्यातून निवृत्त झाला. दुपारी माझ्या दुकानात येऊन बसतो, बटणं लावतो, काजं करतो, एक पैसा घेत नाही. पण माझा धंदा बुडवतो! गिऱ्हाईक आलं की मी आपली म्हणते, "झालंच आहे, उद्या संध्याकाळी न्या." लगेच हा मान वर न करता म्हणणार, "अजून कापडच कापलेलं नाही." अहो, टेलरने खोटं बोलायचं नाही तर कोणी बोलायचं? लहानपणी बरणी मांजराने फोडली असं मी वडिलांना सांगितलं, तेव्हाही हाच म्हणाला होता, "मांजर नव्हतं, हीच होती." माझं एकही खोटं त्याने आजवर खपवून घेतलेलं नाही.

आणि या असल्या माणसाने निवडणूक लढवायची, तीही आमच्या गावात, जिथे ती रीत आहे.

रीत अशी. नगरपालिका पहिल्यांदा झाली तेव्हा दोघे उभे होते, एक शाळामास्तर आणि एक तेलाच्या घाण्याचा मालक. तेव्हा मैदानात हात वर करून मत द्यायचे. मास्तरांनी आपला हात घाणेवाल्यासाठी वर केला, म्हणाले, स्वतःलाच मत द्यायची लाज वाटते. मग घाणेवाल्यानेही मास्तरांसाठी हात वर केला. दोघांचा हात मिळवतानाचा फोटो अजून सभागृहात लटकतोय. तेव्हापासून आमच्याकडे उमेदवार आपलं मत समोरच्याला देतो. पुढे मतपेटी आली, पडदा आला, कोण काय करतं ते दिसेनासं झालं. तरी रीत चालू आहे. म्हणजे चालू आहे असं सगळे धरून चालतात.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी दादाच्या पाया पडायची बाकी राहिले होते. "या खेपेला स्वतःलाच दे. पडद्याआड कोण बघतंय?" तर म्हणाला, "गप्प बस. असं कुठे असतं?"

म्हणून मतमोजणीच्या संध्याकाळी, हा पेपर वाचत बसला तेव्हा, माझा तोंडाचा पट्टा सुटला. "तो पाइपशेठ पाळणारेय का रीत? त्याने खुशाल स्वतःला दिलं असणार! तूही त्यालाच दिलंस. म्हणजे दोन्ही मतं त्याच्या पदरात. एक मत, एकच मत स्वतःला दिलं असतंस तर आज हार घालून आला असतास!"

वहिनी स्वयंपाकघरातून मला गप्प बसायच्या खुणा करत होती. दादाने पेपराची घडी घातली आणि उठून आत गेला. जेवला नाही, असं वहिनीने सकाळी सांगितलं.

सकाळी दादा आणि मी चालत निघालो. टपाल कचेरीच्या कोपऱ्यावर दादा थांबला. चप्पल तुटली की काय म्हणून मी खाली पाहिलं.

"मी स्वतःलाच दिलं," तो म्हणाला.

"काय?"

"मत. स्वतःला दिलं."

मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! मग रात्री बोलला का नाहीस? उगाच माझ्या शिव्या खाल्ल्यास!"

"तुला कळत नाहीये," दादा म्हणाला. "पाइपशेठने रीत पाळली असेल तर त्याचं मतही मला, माझंही मला. मी सरळ वागलो असतो तर ही बरोबरी झालीच नसती. तो जिंकला असता."

मी तिथेच उभी राहिले. "आणि त्यानेही स्वतःलाच दिलं असेल तर?"

"तर फिटंफाट."

"मग त्याने स्वतःलाच दिलंय! त्याचा चेहरा बघ की. तो कसला देतोय!"

"मलाही तसंच वाटलं," दादा म्हणाला. "पडद्याआड गेलो आणि तुझी मशीन डोळ्यांसमोर आली. म्हटलं, तो कुठे पाळणारेय. आणि दिलं." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आता रात्रभर विचार करतोय, पाळली असेल तर?"

मी त्याचा दंड धरला. "हे बघ, आधी चिठ्ठी तर निघू दे. तोच जिंकला तर प्रश्नच मिटला."

"बरं. पण त्याने मला दिलं असं कळलं तर मी सगळ्यांसमोर सांगणार. मला ते पेलायचं नाही."

"बरं बाबा, सांग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुढचा सगळा रस्ता मी देवाला एकच साकडं घालत होते. देवा, पाइपशेठ लबाड निघू दे. पक्का लबाड निघू दे.

सभागृह खचाखच भरलेलं. मंडईतले सगळे गाळेवाले दुकानं बंद करून आले होते, मला बघून त्यांनी बाकावर जागा केली. पंखा कुरकुरत होता. समोर भिंतीवर मास्तर आणि घाणेवाले हात मिळवून उभे, काचेवर धूळ बसलेली. निवडणूक अधिकारीबाईंनी नियम वाचला, दोन चिठ्ठ्या लिहून सगळ्यांना दाखवल्या, सारख्या घड्या घातल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायला नळवाले काका, कारण अख्ख्या गावाला पाणी सोडतात आणि त्यांचं कुणाशी वाकडं नाही.

काकांनी डबा हलवला. परत हलवला. "काढा की हो, लोणी काढताय का?" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. मला हसू येईना. पलीकडे पाइपशेठची आई डोळे मिटून बसली होती. तिचाही जीव टांगणीला लागला असणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

चिठ्ठी उघडली. दादाचं नाव निघालं.

गाळेवाल्यांनी असा आरडाओरडा केला की अधिकारीबाईंना टेबल वाजवावं लागलं. फळवाली माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले. दुकान राहिलं! माझं दुकान राहिलं! दादा मात्र खुर्चीतून उठला नाही.

पाइपशेठ उठून त्याच्याकडे आला. मी गर्दीतून वाट काढत दादाच्या मागे जाऊन उभी राहिले. पाइपशेठचा चेहरा पडला होता, पण त्याने हात पुढे केला.

"अभिनंदन, दादा," तो म्हणाला. "खरं सांगू? आमची मुलं मागे लागली होती, बाबा, या खेपेला स्वतःलाच द्या. पण आईने बजावलं होतं, रीत मोडायची नाही. तुम्हालाच दिलं मी." मग तो जरासा हसला. "तुम्हीही मलाच दिलं असणार. तुमच्याबद्दल शंकाच नाही."

आजूबाजूचे ऐकायला लागले. दादा हळूहळू उभा राहिला. त्याने एकदा घसा साफ केला. त्याचे ओठ उघडले.

"हे काय विचारणं झालं, शेठ?" मी म्हणाले, चांगली खणखणीत. "तुम्हालाच दिलं! मी कालपासून त्याच्याशी भांडतेय की स्वतःला का नाही दिलंस. वहिनीला विचारा हवं तर!"

सगळे हसले. टाळ्या पडल्या. "अशी माणसं राहिली नाहीत," अधिकारीबाई म्हणाल्या. फोटोवाल्याने दोघांना जुन्या फोटोखाली उभं केलं आणि हात मिळवायला लावले.

मी दादाकडे बघत राहिले. आता बोलेल, मग बोलेल. बरणीच्या वेळी बोलला होता तसा, "हीच होती." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाहिलं.

दुपारी मी दुकान उघडलं. वाटलं होतं दादा येणार नाही, पण आला, नेहमीच्या स्टुलावर बसला आणि सुईत दोरा ओवायला लागला. मी काहीबाही बडबडत होते, मंडईचं छत आधी दुरुस्त करायला हवं, गटार तुंबलंय. त्याने नुसतं "हं" केलं. तेवढ्यात शाळेतल्या बाई आल्या, पडद्यांचं काय झालं म्हणून.

"झालेच आहेत, बाई," मी म्हणाले. "फक्त शिलाई मारायची राहिलीय. उद्या न्या."

आणि थांबले. दादाने दोरा तोडला, दुसरं बटण घेतलं, शर्टावर ठेवलं.

"उद्या नक्की ना?" बाईंनी विचारलं.

मी परत दादाकडे पाहिलं. अरे, बोल की. बोल ना बाबा एकदा.

तो बटण लावत राहिला.

"नाही हो बाई," शेवटी मीच म्हणाले. "खोटं बोलले. कापड अजून घडीतच आहे."

बाई हसल्या, म्हणाल्या, चालेल, सवडीने करा. त्या गेल्यावर मी कापड काढलं, टेबलावर पसरलं, खडू शोधला. दादाने तरीही मान वर केली नाही.