गाळातला बाप

मी एक मासा बोलतोय. माणसाच्या पंजाएवढा, पाठीवर उंच पर असलेला, म्हणजे नर. निदान जन्मापासून मी तसं समजत आलो.

आमच्या जातीत पोरं सांभाळायचं काम बापाकडे असतं. आई अंडी घालते आणि निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. बापाने तळाच्या गाळात खळगा करायचा, अंड्यांवर परांनी पाणी हलवत राहायचं आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत उपाशी बसायचं. माझ्या बापाने मला तसंच वाढवलं.

मी जन्मलो त्या नदीच्या वळणाच्या वरच्या अंगाला कारखान्याचा पाइप आहे. त्यातून येणारं पाणी दिसायला स्वच्छ असतं. पण त्यातलं जे जड, ते वाहत येऊन वळणावर बसतं. काळा, मऊ गाळ. शेपटी लागली की तेलकट तवंग वर सोडणारा. आम्ही त्यातच जन्मायचो, त्यातलेच किडे खायचो. दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं, मग बरंवाईट काय ठरवणार?

दुसऱ्या वर्षी विणीचा हंगाम आला. या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो आणि डोकं फिरतं. शेजाऱ्याची सावली अंगावर पडली तरी भांडण! माझा गळा मात्र पांढराच राहिला. शेजाऱ्याचाही. आम्ही दोघे एकमेकांच्या हद्दीत गुण्यागोविंदाने किडे टिपत बसलो. माद्या येत, बघत आणि निघून जात. शेवटी एकीने, बहुधा नाइलाजाने, माझ्या खळग्यात अंडी घातली.

एक दिवस मी बसलो. दुसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून जरा लांब गेलो आणि परत यायचंच राहून गेलं. आठवण झाली तेव्हा खळग्यात खेकडा बसला होता. अंडं एकही नव्हतं.

मला वाईट वाटलं नाही. आणि वाईट वाटलं नाही, याचीच मला भीती वाटली.

चार-पाच दिवसांनी मी आणि शेजारी एकाच सापळ्यात सापडलो. सापळा लावणारी मासेवाली पंचवीस वर्षं मासे कापत आलेली. मासा हातात घेतला की नर की मादी ते सांगायची. बाजारातल्या ओट्यावर तिने शेजाऱ्याला कापलं आणि तिचा हात थांबला.

"अगं बाई! नराच्या पोटात गाबोळी? अंडी?"

"बरंच आहे की मावशी," गिऱ्हाईक म्हणालं. "एका भावात दोन!"

मावशी हसली नाही. तिने आणखी एक नर कापला. तोही तसाच. मग तिने सुरी पुसली, मला बादलीत जिवंत टाकलं आणि भर बाजारातून उठून कॉलेजची प्रयोगशाळा गाठली.

तिथल्या मॅडम माशांचाच अभ्यास करतात. त्यांनी माझं थेंबभर रक्त काढून घेतलं आणि मला काचेच्या टाकीत ठेवलं. दोन दिवसांनी मावशी आली तेव्हा मॅडमनी आधी तिला खुर्ची दिली.

"मावशी, याच्या रक्तात अंड्याचा बलक ज्यापासून बनतो तो पदार्थ सापडलाय. तो मादीत असतो. नरात इतका असायला नको."

"असं कसं झालं?"

"शरीरात संप्रेरकं असतात. कोणत्या अवयवाने काय करायचं, हे निरोप ती पोचवतात. काही रसायनं त्यांची हुबेहूब नक्कल करतात. मग शरीर फसतं."

"म्हणजे खोटी चिठ्ठी आली आणि घराने खरी मानली."

"तसंच. पण ही चिठ्ठी कुठून येते, ते सिद्ध व्हायचंय. कारखान्याच्या पाण्याचा नमुना दर वेळी पास होतो."

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझी लेक पोटुशी आहे, मॅडम. आठवड्यातून तीनदा मीच तिला मासे पोचवते. माणसाला काही होतं का हो?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? ते कळेपर्यंत वळणावरचे मासे तिला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा आली, तेव्हा तिच्या मागोमाग तिचा जावई धावत आला. तो त्याच कारखान्यात, सांडपाण्याच्या पंपावर कामाला आहे.

"आई, हे काय आरंभलंय तुम्ही? माझी नोकरी जाईल. आणि बाहेर कळलं, तर तुमचे मासे तरी कोण घेईल?"

"मी आज टोपली उघडलीच नाही, जावईबापू."

"पाण्यात काही नाही हो! दर महिन्याला नमुना मीच भरून देतो."

"मग माझ्या लेकीला आज वळणावरचा मासा घाला. तुमच्या हाताने."

 तो टाकीपाशी आला आणि वाकून माझ्याकडे बघू लागला. मी परांमागे तोंड लपवलं असतं, पण तशी सोय नाही.

"नमुना पाइपाच्या तोंडाशीच घ्यायला लावतात," तो मॅडमना म्हणाला. "तोही वरच्या पाण्याचा. खालचा गाळ कोणी बघत नाही. तुम्ही वळणावर जा, कमरेएवढ्या पाण्यात. माझं नाव मात्र कुठे घेऊ नका."

पुढच्या सकाळी मावशी मॅडमना स्वतःच्या होडीतून घेऊन गेली. तो गाळ आता बरण्यांत भरून माझ्यासमोरच्या फळीवर ठेवलाय. पहिल्या बरणीचा निकाल वाईट आहे. पण गाळात काय आहे, एवढ्यावर भागत नाही. त्याने माझ्या पोटात काय केलं, तेही बघायला हवं. उद्या दुपारी मला कापणार आहेत.

मावशी आज येऊन गेली. "याला सोडून दिलं तर?" तिने विचारलं.

"कुठे सोडायचं, मावशी?"

हजारो मासे कापलेली बाई काचेवर हात ठेवून उभी राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "सुरी धारेची घ्या."

मी कापला जाईन. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी काळजी वेगळीच आहे. अहवाल वरच्या ऑफिसात जाऊन उत्तर यायला तीन महिने लागतील, असं मॅडम मघाशी फोनवर सांगत होत्या. वळणावर अजून हंगाम चालू आहे. खळगे होतायत, अंडी पडतायत. आमची अंडी चौथ्या दिवशी फुटतात.

जरा लवकर करा.